साळूचा डावा पंख

भारतात मला साळू ही माझी लांडोर पाळताच आली नसती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मोर आहे, आणि मोराबरोबर लांडोर आलीच. शिरूर तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या शिवारात एखादी लांडोर जखमी सापडली तर ती सरकारची. ४८ तासांच्या आत वनखात्याला नाहीतर पोलिसांना कळवायचं. कितीही माया असली तरी घरात ठेवून घ्यायची नाही. इथे अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात, मोर हा बाहेरून आलेला पक्षी. स्थानिक रानपक्ष्यांना मिळणारं कायद्याचं संरक्षण त्याला नाही. लोक त्याला कोंबड्या आणि टर्कींच्या रांगेत धरतात. राज्याच्या शेतीखात्याचं १९१७ पासून निघणारं एक बाजारपत्र आहे. गवताच्या गाठी, जुनी अवजारं, बियाणं यांच्या जाहिरातींमध्येच पक्ष्यांच्याही जाहिराती असतात. मिलेजव्हिल गावाजवळच्या अँडलुझिया नावाच्या शेतावर फ्लॅनरी ओ'कॉनर या लेखिकेने मोरांचा मोठा कळप सांभाळला होता. ल्युपसने १९६४ साली त्या गेल्या, पण मोर पाळणारी बाई म्हणून त्यांची आठवण या भागात अजून निघते. त्यामुळे आम्ही एक मोर आणि दोन लांडोरी आणल्या, तेव्हा शेजारपाजारच्यांना फारसं नवल वाटलं नाही.

नवल मलाच होतं. लहानपणी मोर हा आमच्याकडे शिवारात दिसणारा पक्षी होता. मोराची चिंचोली आमच्यापासून जवळच. चिंचेच्या झाडांवर संध्याकाळी मोर चढून बसायचे आणि पहाटे त्यांच्या ओरडण्याने जाग यायची. काकू पेरलेल्या रानातून त्यांना हाकलायची, कारण दाणे टिपून ते ओळीच्या ओळी मोकळ्या करत. देवघरात मात्र मोरपीस असायचंच. पाळायचा विचार कुणाच्या मनातही येत नसे. पैसे मोजून, पावती घेऊन, पिंजऱ्यात घालून गाडीतून आणलेली लांडोर ‘माझी’ आहे म्हणजे नेमकं काय, हे मला कळलं ते तिचा पंख मोडला तेव्हा. महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवता येतो. इथे फिरवायला माझ्याशिवाय कुणाचाच क्रमांक नव्हता.

सप्टेंबरातली रात्र होती. आवाराच्या छतावर जाळी आहे, आणि त्या जाळीवर शिंगळं घुबड येऊन बसलं. मोरांना अंधारात नीट दिसत नाही. झोपेतून दचकले की ते सरळ वर उडतात, वाट कुठली याचा विचार नसतो. तिघंही उडाले. मोर आणि मोठी लांडोर जाळीला आपटून खाली आले आणि कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. साळूचा डावा पंख जाळी आणि छताचा वासा यांच्यामध्ये अडकला आणि ती लोंबकळत राहिली. आम्ही बॅटरी घेऊन पोचलो तेव्हा तिने धडपडणंही सोडलं होतं. नवऱ्याने शिडी धरली, मी वर चढून तिच्या अंगाखाली हात घातला आणि जाळी कापली. ओरडली नाही, चोच मारली नाही. तेच मला भयंकर वाटलं. शिकार होणारे पक्षी दुखणं लपवतात हे मी वाचलेलं होतं, पण माझ्या दोन्ही हातांत ते लपवणं प्रत्यक्ष थरथरत होतं.

अंधारात पक्षी शांत राहतो, म्हणून बॅटरी बंद केली. जाड टॉवेलमध्ये दोन्ही पंख अंगाशी लावून तिला गुंडाळलं आणि डोक्यावर सुती फडकं टाकलं. छाती मात्र आवळायची नाही. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच त्यांचा श्वास चालतो. घट्ट कवटाळलेला पक्षी मायेच्या माणसाच्या हातात गुदमरून मरू शकतो. पाणीही तोंडात ओतायचं नाही. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं, पाणी थेट त्यात जातं. पंखाच्या एका वाढत्या पिसाच्या बुडातून रक्त येत होतं. तिथे कॉर्नस्टार्च लावून बोटाने दाबून धरलं. एवढंच करून तिला कुत्र्याच्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवलं, खाली रबरी चटई, वरून चादर. मग आम्ही खोलीबाहेर आलो. त्या रात्री आणखी काही करणं तिच्या हिताचं नव्हतं. बाहेर बसून राहणं हेच त्या रात्रीचं अवघड काम होतं.

सकाळी डॉक्टर शोधताना समजलं की मोर हा दवाखान्यांच्या दोन दारांमधला पक्षी आहे. कुत्र्यामांजरांचे दवाखाने पक्षी घेत नाहीत. पक्षी घेणारे पोपट घेतात, अंगणातले पक्षी नाही. कोंबड्यांचे तज्ज्ञ असतात ते हजारोंच्या कोंबडीघरांसाठी. एका पक्ष्याच्या एका पंखासाठी त्यांच्याकडे कुणी जात नाही. फोनवर एकाने तर सरळ विचारलं की नवीन का घेत नाही, ते स्वस्त पडेल. प्रश्न व्यवहाराचा होता आणि विचारणाऱ्याच्या सुरात तुसडेपणाही नव्हता, पण मी फोन ठेवल्यावर बराच वेळ काही बोलले नाही. अखेर दुसऱ्या काउंटीत एक डॉक्टरीणबाई सापडल्या, ज्या शेतावरची बदकं, गिनी कोंबड्या, टर्की सगळं बघतात. त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘तुम्ही हिची अंडी खाता का?’ मला तो अजब वाटला. मग त्यांनी समजावलं. अन्नाच्या साखळीत येणाऱ्या पक्ष्याला वाटेल ते औषध देता येत नाही. एन्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक इथे २००५ पासून कोंबड्या-टर्कींसाठी बंद आहे, कारण त्याला न जुमानणारे जंतू माणसांपर्यंत पोचत होते. जाळीने साळूच्या पायावर झालेल्या जखमेसाठी त्यांनी दुसरं औषध निवडलं आणि अंडी खाणार नाही असं माझ्याकडून लिहून घेतलं.

एक्स-रेमध्ये कोपरापुढचं जाड हाड मोडलेलं दिसलं. शेजारचं बारीक हाड शाबूत होतं. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं. पक्ष्याच्या पंखात त्या जागी दोन हाडं शेजारी शेजारी असतात. एक मोडलं आणि दुसरं धड असलं, तर धड हाडच मोडक्याला आधार देतं. खांद्याजवळचं हाड मोडलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ते पोकळ असतं, हवेच्या पिशवीशी जोडलेलं असतं, आणि तिथली जखम श्वासापर्यंत जाते. त्यांनी पंख मिटून आठच्या आकड्यात बँडेज बांधलं. पट्टी पिसांना चिकटत नाही, फक्त स्वतःला चिकटते. दुखणं कमी व्हावं म्हणून मेलॉक्सिकॅम दिलं.

ते नाव ऐकून मी थबकले. भारतात गुरांना डायक्लोफिनॅक देत, आणि अशा मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं मरत गेली. मूत्रपिंडं निकामी होऊन. कारण २००४ मध्ये उघड झालं, २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी ते औषध बंद केलं, आणि त्याच्या जागी गिधाडांना न मारणारं म्हणून जे पुढे आलं ते हेच मेलॉक्सिकॅम. लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावराभोवती जमणारी गिधाडं मी पाहिलेली आहेत. माझ्या भाच्यांनी पाहिली नाहीत. साळूच्या चोचीच्या कडेने तो पिवळसर थेंब सोडताना मला दर वेळी ती आठवत.

मग सुरू झाले पिंजऱ्यातले आठवडे. पक्ष्याचं हाड माणसाच्या हाडापेक्षा फार लवकर जुळतं, साधारण तीन आठवड्यांत, आणि तेवढा काळ पक्षी जिवंत आणि शांत ठेवणं हे सगळं काम. शांत या शब्दाचा अर्थ मी तेव्हा शिकले. अति घाबरलेल्या, पुन्हा पुन्हा पकडल्या जाणाऱ्या पक्ष्याचे स्नायू आतून झिजायला लागतात. त्याने पाय लुळे पडतात, हृदय थांबतं. ही जखम दिसत नाही आणि तिच्यावर बँडेजही नाही. म्हणजे मी मायेने दर तासाला डोकावले तर मोडलेला पंख बरा होईल आणि लांडोर मरेल.

आईला फोनवर हे सांगितलं. तिला त्यात काहीच नवं वाटलं नाही. ‘अगं, व्यालेल्या गाईपुढे तरी कोण सारखं जातं?’ ती म्हणाली. ‘चारा टाकायचा आणि बाजूला व्हायचं. तिला तू नको असतेस, तिला निवांतपणा हवा असतो.’ मी चादरीला बोटभर फट ठेवली, तीही खोलीच्या दाराच्या दिशेने, म्हणजे मला तिची शेपटी तेवढी दिसे आणि तिला मी दिसत नसे. प्रेशर कुकर दिवसभर बंद केला. शिट्टी झाली की आतून पंख आपटल्याचा आवाज यायचा. डाळ उघड्या पातेल्यात शिजायला लागली. नवऱ्याने वॉशिंग मशीनची वेळ बदलली. घरात आम्ही दोघं हळू बोलायला लागलो आणि ती सवय नंतरही बराच काळ राहिली.

तिला न बघता तिची तब्येत ओळखायची तर शीट बघायची. ही गोष्ट लोकांना सांगताना मी लाजत नाही, कारण तिच्यात पक्ष्याचं सगळं लिहिलेलं असतं. गडद घट्ट भाग, त्यावर पांढरा भाग, भोवती पाणी, असं असलं तर ठीक. नुसती हिरवी आली तर पोट रिकामं आहे. गंधकासारखी पिवळी आली तर पळत डॉक्टरकडे जायचं, कारण ते ब्लॅकहेडचं लक्षण असतं. तो रोग कोंबड्यांच्या आतड्यातल्या बारीक कृमींच्या अंड्यांतून पसरतो. कोंबड्यांना तो सहसा सहज झेपतो, टर्की आणि मोरांना मारतो. म्हणूनच आमच्या कोंबड्या पहिल्यापासून शेताच्या दुसऱ्या टोकाला आहेत आणि दोन्हीकडे वापरायची गमबुटं वेगळी आहेत. साळूची शीट हिरवी होती. हात लावून छातीचं हाड पाहिलं तर ते धारदार लागत होतं. ती खात नव्हती.

मी तिच्यापुढे टर्कीच्या पिल्लांचं जास्त प्रथिनांचं खाद्य ठेवलं, भिजवलेले मूग ठेवले, वाटाणे, बारीक चिरलेली पालेभाजी, वाळलेल्या अळ्या. सगळं तसंच राही. एक दिवस खाद्याच्या दुकानात मायलो नावाच्या पोत्यात हात घातला आणि कळलं की ही तर ज्वारी आहे. तांबूस, आपल्याकडच्या शाळूसारखी टपोरी नाही, पण ज्वारीच. मूठभर टाकली. संध्याकाळी वाटी रिकामी होती. काकू ज्या पक्ष्याला जोंधळ्याच्या रानातून हाकलायची, त्याला हजारो मैलांवर मी तोच दाणा घालत होते आणि तो खाल्ला म्हणून देवापुढे दिवा लावत होते. मी तो लावला, आणि मला त्यात वेडेपणा वाटला नाही. दुसऱ्या दिवसापासून ज्वारीत थोडं थोडं टर्कीचं खाद्य मिसळत गेले.

पायाची जखम पंखापेक्षा साधी, पण जॉर्जियातल्या दमट उन्हाळ्यात साध्या जखमेला माशीची भीती मोठी असते. माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. म्हणून खिडकीला दुहेरी जाळी, आणि ज्या वेळी औषधाला हात लावायचाच त्याच वेळी जखम धुणं, पट्टी पाहणं, वजन, सगळं एकदम. नवरा टॉवेलमध्ये धरायचा, मी करायचे. आधी सामान ओळीने मांडून ठेवायचं, कुणी बोलायचं नाही, आणि काम झालं की तसंच अंधारात परत. त्या थोड्या वेळात मी तिला जवळून पाहिलं. लांडोर लोक बघतच नाहीत, मोर शेजारी उभा असतो ना. तिच्या मानेवर हिरवी झळाळी असते, मान जरा वळली की ती विझते आणि पुन्हा येते. तुऱ्याची प्रत्येक काडी आधी उघडी आणि टोकाला छोटासा पंखा. पोटाखाली पांढरं. आणि डोळा, ज्यात ती माझ्यावर जराही विश्वास ठेवत नव्हती. विश्वासाची मला गरजही उरली नव्हती. तिने खावं एवढंच पुरे होतं.

याच काळात चुलतभावाचा फोन आला. मोटारसायकलने उडवलेली एक लांडोर रस्त्याच्या कडेला पडली होती आणि मुलांनी ती घरी आणली होती. ‘ताई, तू करतेयस तसं आम्ही करू का?’ मी त्याला नको म्हटलं. खोक्याला भोकं पाड, खाली गोणपाट घाल, झाकून अंधारात ठेव, पाणी पाजू नकोस, मुलांना लांब ठेव, आणि १९२६ ला फोन लाव. मोबाइलवर फोटो काढत बसू नका. वनरक्षक आले आणि तिला घेऊन गेले. पुढे तिचं काय झालं ते त्याला कळलं नाही. मला तिथल्या कायद्याचा राग कधीच आला नाही. तो नसता तर प्रत्येक गावात चार पिंजरे दिसले असते. पण घेऊन गेल्यानंतर त्या पक्ष्याची बातमी उचलणाऱ्या माणसाला मिळावी, असं मला फार वाटतं. जो उचलतो त्याचा जीव त्या पक्ष्यात अडकलेला असतो.

बँडेज ठरल्या वेळी सोडावंच लागतं. जास्त दिवस बांधलेल्या पंखाच्या पुढच्या कडेची कातडी आखडते आणि हाड जुळूनही पंख उघडत नाही. डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन पंख हळूहळू ताणला आणि घरी करायचा व्यायाम शिकवला. एका हाताने खांदा, एका हाताने मनगट, दुखेल त्याच्या अलीकडे थांबायचं. हाड चांगलं जुळलं होतं. पंख पूर्ण उघडत नव्हता आणि उभी राहिली की डावीकडे बोटभर खाली राहायचा. ‘ही उडेल, पण उंच नाही,’ त्या म्हणाल्या. मी पुन्हा पुन्हा विचारलं तरी त्यांनी उत्तर गोड केलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

परत कळपात सोडणं सोपं नव्हतं. बाहेर राहिलेला पक्षी त्यांच्या दृष्टीने परका होतो. मोठ्या लांडोरीने पहिल्याच दिवशी तिच्या डोक्याची पिसं उपटली असती. म्हणून आवारातच जाळी लावून तिच्यासाठी वेगळा कप्पा केला. दिसायचं, ऐकू यायचं, टोचता यायचं नाही. खाद्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर. शेपटीची पिसं गळालेला मोर तेव्हा ओबडधोबड दिसत होता, तो येऊन जाळीजवळ बसे. मोठी लांडोर फणकारून फिरे. थंडी सुरू होईपर्यंत तिचं फणकारणं ओसरलं आणि मधली जाळी काढली. एक-दोन टोचण्या झाल्या. साळूनेही एकदा उलट टोचलं, तेव्हा मला खात्री वाटली.

आवार बदललं. छताखाली जिथे वासा आणि जाळी यांत फट होती तिथे आता मऊ विणलेलं जाळं ताणून बसवलं आहे, वर आपटलं तर पक्षी अडकत नाही, परत खाली येतो. घुबड अजून येतं. ते त्याचं रान आहे. कोपऱ्यात रात्रभर मंद दिवा ठेवतो, दचकले तरी त्यांना एकमेक दिसतात. दांड्या तीन उंचींवर आहेत. मधल्यांना जाण्यासाठी आडव्या पट्ट्यांची उतरण आहे. दांडी गोल बारीक नको, रुंद सपाट फळी हवी, म्हणजे बसल्यावर पोटाची पिसं बोटांवर येतात आणि जानेवारीतल्या थंडीत बोटं गारठत नाहीत. साळू मधल्या दांडीपर्यंत जाते. कधी उतरणीवरून, कधी उडून. उडाली की आवाज वेडावाकडा येतो, पण पोचते.

पुढच्या वसंतात तिने गवतात जमिनीवरच अंडी घातली आणि बसली. २८ दिवस. त्या काळात मी कुंपणापलीकडून दाणा-पाणी सारलं आणि मागे फिरले, ते मला आता जमतं. तीन पिल्लं निघाली. मोराची पिल्लं फार लवकर फडफडायला लागतात आणि आईजवळ दांडीवर झोपायला बघतात, म्हणून आम्ही आणखी एक फळी गुडघाभर उंचीवर ठोकली. उतरलेला असला तरी डाव्या पंखाखाली पिल्लू मावतं, दोनही मावतात.

दोन पिल्लं आता देऊन टाकायची आहेत. फोन येतात, रंग कुठला निघेल, नर आहे का, हे विचारतात. मी छतावर जाळी कशाची आहे ते विचारते, कोंबड्या त्याच जमिनीवर फिरतात का, दांडी किती रुंद आहे, आणि पक्षी तपासणारा डॉक्टर कोण आहे. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर डॉक्टरीणबाईंचा नंबर देते आणि आधी त्यांच्याशी बोला म्हणते. पुष्कळ जण परत फोन करत नाहीत. परवा एक बाई बोलून आल्या, आमच्या दांड्यांचं माप घेतलं, छताखालचं जाळं कुठून आणलं ते लिहून घेतलं आणि साळूपासून लांब उभ्या राहून तिला बघितलं. त्यांचं आवार तयार झालं की ऑक्टोबरात पिल्लं न्यायची असं ठरलं आहे. सोबत ज्वारीची एक पिशवीही देईन.